स्मरणाची भाषा : नाईक यशवंत घाडगे यांची स्मारके आणि आपले मृत्युलेख

मृत्युलेख हा आपल्या नियतकालिकांत सर्वाधिक वाचला जाणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा लेखनप्रकार आहे. अंक हाती येताच अनेक घरांत प्रथम शेवटची पाने उघडली जातात. कथेची, कवितेची आपण चिकित्सा करतो. मृत्युलेखाची करीत नाही. शोकाकुल कुटुंबाचे मन दुखावेल, अशी भीती त्यामागे असते आणि ती रास्तही आहे. परंतु गेलेल्या माणसाविषयी पूर्ण आदर राखूनही त्याच्यासंबंधी वापरलेली भाषा तपासता येते. किंबहुना आदर असेल तर ती तपासलीच पाहिजे. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न करावयाचा आहे. दुसऱ्या कोणाचे लेखन हाती घेण्यापूर्वी मी माझ्याच एका प्रवचनापासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरील एका गावी मी एका निवृत्त सैनिकाच्या अंत्यविधीची मिस्सा अर्पण केली. 1971 च्या युद्धात ते आघाडीवर होते. पुढे पेन्शन घेऊन गावी परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. मी त्या धर्मग्रामात नवा होतो. आदल्या रात्री कुटुंबीयांनी दिलेल्या चार ओळींच्या टिपणावरून मी प्रवचन तयार केले. ते कुटुंबवत्सल होते, कर्तव्यनिष्ठ होते, परोपकारी होते, असे मी सांगितले. सैनिकाच्या त्यागावर दोन भारदस्त वाक्येही जोडली. लोकांना प्रवचन आवडल्याचे अनेकांनी येऊन सांगितले. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नी सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या. म्हणाल्या, “फादर, तुम्ही बोललात ते चांगलंच होतं. पण ते कुणाबद्दलही चाललं असतं. आमचे हे त्यात कुठे होते?”

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यामुळेच तो प्रश्न मला अधिक बोचला. सेमिनरीत आम्हांस प्रवचनशास्त्र शिकविले होते, पण या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. सैनिकांचे स्मरण इतरत्र कसे केले जाते, हे पाहावे म्हणून मी शोध घेऊ लागलो आणि तो शोध मला आपल्याच जिल्ह्यात घेऊन आला.

रायगड जिल्ह्याला सैनिकी परंपरा जुनी आहे. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाचे नावच ती सांगते. परंतु जिल्ह्यातील ज्या एका सैनिकाचे नाव जगभरच्या लष्करी इतिहासात नोंदले गेले आहे, ते माणगाव तालुक्यातील पळसगावचे. नाईक यशवंत घाडगे यांचा जन्म 1921 च्या नोव्हेंबर महिन्यात झाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. 1981 मध्ये त्याचे नाव बदलले. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत ते धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस या त्या काळच्या सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी ठरले. मृत्युसमयी त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते.

त्यांच्या स्मरणार्थ आज चार गोष्टी उभ्या आहेत. पहिली कागदावरची : पदक देताना प्रसिद्ध झालेले अधिकृत मानपत्र. दुसरी इटलीतील कासिनो येथील युद्धस्मारकावर कोरलेले नाव. तिसरा माणगावात तहसील कचेरीजवळ असलेला पुतळा. चौथी अगदी अलीकडची : 2023 च्या जुलैमध्ये इटलीतील मोन्तोने या गावाने त्यांच्या नावे उभारलेली सूर्यघटिका. या चारही गोष्टी मी संहिता म्हणून वाचतो. प्रत्येकीत काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, हे पाहणे हाच समीक्षेचा मार्ग आहे.

मानपत्र ‘लंडन गॅझेट’मध्ये 1944 च्या नोव्हेंबरात आले. त्यातील हकीकत थोडक्यात अशी. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या हाताखालील तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतील सर्व जवान ठार वा जखमी झाले. एकटे घाडगे उरले. ते थेट मशीनगनच्या रोखाने धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांचा निकाल लावला. तेथील आणखी एकास गोळी घातली. बंदुकीत नव्या गोळ्या भरण्यास अवधी नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांस त्यांनी बंदुकीच्या दस्त्याचे घाव घालून ठार केले. त्यानंतर आडून नेम धरणाऱ्या शत्रुसैनिकाची गोळी लागून ते कोसळले.

लष्करी कचेरीत तयार झालेला हा मजकूर. त्यात वाङ्मयीन गुण शोधावेत, असे कोणाच्या मनात येणार नाही. तरीही तो वाचून मी माझ्या प्रवचनाशी ताडून पाहिला तेव्हा मला शरम वाटली. माझ्या प्रवचनात विशेषणे होती. या मजकुरात क्रियापदे आहेत. तो धावला, त्याने फेकले, त्याने झाडली, तो पडला. धैर्य, निष्ठा हे शब्द मानपत्रातही आहेत, पण ते अखेरीस येतात. तोवर वाचकाने स्वतःच निष्कर्ष काढलेला असतो. विशेषण हा लिहिणाऱ्याचा निवाडा असतो आणि क्रियापद हा पुरावा. पुरावा न मांडता निवाडा ऐकविला की ऐकणारा मान डोलावतो आणि घरी गेल्यावर विसरतो. माझ्या श्रोत्यांचे हेच झाले असावे.

मानपत्राच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. ते पहिल्या गोळीने सुरू होते आणि शेवटच्या गोळीने संपते. त्या काही मिनिटांच्या अलीकडे असलेली बावीस वर्षे त्यात नाहीत. पळसगाव नाही. भाताचे खाचर नाही, आई नाही, पलटणीत भरती झाल्याचा दिवस नाही. हा त्या लेखनाचा दोष म्हणता येत नाही. पदकाचे कारण सांगणे एवढेच त्याचे काम होते. दोष आपला, की आपण त्या काही मिनिटांनाच पूर्ण माणूस समजू लागलो. दुसरी उणीव अधिक अवघड आहे. त्या मशीनगनपाशी चार माणसे मेली. मानपत्रात त्यांना नावे नाहीत, असूही शकत नाहीत. पण त्यांतील दोघांचे मरण बंदुकीच्या दस्त्याने, हाताच्या अंतरावर घडले, हे वाचून वेदीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला पुढे सरकणे कठीण जाते. त्या क्षणी घाडगे यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, असा प्रश्न मी विचारीत नाही. तो विचारण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो की, या चौघांना विसरूनच ज्याचे स्मरण करता येते, ते स्मरण अपुरे आहे.

येथे दुसऱ्या एका मराठी सैनिकाचे मानपत्र शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहे. संगमनेर तालुक्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतले. त्यांचाही जन्म 1921 च्या नोव्हेंबरातलाच. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतील सेनिओ नदीवर त्यांची टोळी माऱ्यात सापडली. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जण जखमी झाले, बाकीचे जवळजवळ सारे मारले गेले. जाधव हे निरोप पोहोचविणारे शिपाई होते. त्यांनी जखमींपैकी एकास उचलले आणि खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग त्याच वाटेने परत येऊन दुसऱ्यासही नेले. त्यानंतर त्यांनी शत्रूची तीन मशीनगन ठाणी निकालात काढली आणि काठावर उभे राहून आपल्या लोकांना पलीकडे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जगले, 1984 मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन मानपत्रांत क्रियापदांचा क्रम वेगळा आहे. जाधव यांच्या कथेत ‘उचलणे’ हे क्रियापद ‘मारणे’ याच्या आधी येते आणि दोनदा येते. युद्धकथा ऐकविताना आपण बहुधा तीन मशीनगनी सांगतो आणि त्या दोन खेपा गाळतो. मला त्या दोन खेपा मोलाच्या वाटतात, विशेषतः दुसरी. पहिल्या वेळी माणूस आवेगाने जाऊ शकतो. दुसऱ्या वेळी वाट ठाऊक असते, पाण्याची खोली ठाऊक असते, आणि तरीही तो वळतो. पण या मानपत्राचीही तीच मर्यादा : युद्धानंतर हा माणूस सुमारे 39 वर्षे जगला, त्या वर्षांविषयी ते काहीच सांगू शकत नाही. लढाईत मेलेल्याची बावीस वर्षे आणि जगलेल्याची एकोणचाळीस वर्षे, दोन्ही पदकाच्या प्रकाशात दिसेनाशी होतात.

आता दगडाकडे वळू. यशवंत घाडगे यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. म्हणजे त्यांची निश्चित अशी विसावण्याची जागा ज्ञात नाही. ज्यांच्या कबरी वा चितास्थाने कळू शकली नाहीत, अशा 4,000 हून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. आपल्या वाचकांस कासिनो हे नाव वेगळ्या कारणाने परिचित असेल. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात जो मठ स्थापिला तो याच डोंगरावर. 1944 च्या फेब्रुवारीत दोस्तांच्या विमानांनी तो मठ जमीनदोस्त केला. आज पुन्हा बांधलेला मठ वर आणि सैनिकांचे स्मारक पायथ्याशी, अशी रचना आहे. पळसगावच्या शेतकरी मुलाचे नाव बेनेडिक्टाच्या डोंगराखाली कोरले जावे, हा योग कोणी योजलेला नाही. या संहितेत नाव आहे, हुद्दा आहे, पलटण आहे. क्रियापद एकही नाही. तरीही ती मला रिकामी वाटत नाही, कारण तेथे हे नाव हजारो नावांच्या रांगेत उभे आहे. पदकाने एकट्याला वर उचलले, या भिंतीने त्याला सोबत्यांमध्ये परत आणून उभे केले.

माणगावच्या पुतळ्याचे काम याहून निराळे. कलाकृती म्हणून त्याची चर्चा करण्याचा माझा हेतू नाही. त्याची जागा मला महत्त्वाची वाटते. तहसील कचेरीत लोक सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतात. तास तास थांबतात. मी एकदा रोहा-कोलाडमार्गे तेथे गेलो होतो. थांबलेल्या माणसांकडे पाहताना वाटले की, घाडगे जगले असते तर केव्हा ना केव्हा तेही या रांगेत उभे राहिले असते. मानपत्रात न आलेले गाव या पुतळ्याने परत दिले आहे. पुतळ्याची अडचण एवढीच की, तो वर्षातून एकदोन दिवस बोलतो आणि उरलेले दिवस गप्प असतो. पुष्पहार वाळला की त्याच्याकडे पाहण्याचे निमित्त संपते.

चौथे स्मारक मला सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. मोन्तोने हे टायबरच्या वरच्या खोऱ्यातील, उंब्रिया प्रांतातील गाव. घाडगे ज्या परिसरात पडले, तेथील लोकांनी 2023 मध्ये त्यांच्या नावे सूर्यघटिका उभारली. इटलीतील मोहिमेत 50,000 हून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांतील 5,782 जणांनी प्राण दिले. तेथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी 6 भारतीयांना मिळाले. या साऱ्यांचे ते स्मरण आहे. घटिकेवर लॅटिन वचन आहे. त्याचा अर्थ : आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

हे वचन चांगले का, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘सारे’ या शब्दात कोण येते? घाडगे येतात, त्यांच्या तुकडीतले मृत येतात, मोन्तोनेचे ग्रामस्थ येतात. आणि त्या मशीनगनपाशी मेलेले चौघेही येतात. मानपत्रात ज्यांना जागा नव्हती, त्यांना येथे एका शब्दाने जागा मिळाली, आणि त्यासाठी घाडगे यांचे शौर्य तसूभरही कमी करावे लागले नाही. उंब्रिया ही असिसीच्या संत फ्रान्सिस यांची भूमी. तेही तरुणपणी सैनिक होते. 1202 मध्ये पेरूजाविरुद्धच्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर बंदिवासात राहिले. पुढे त्यांनी सूर्याला बंधू म्हटले. वचन कोरणाऱ्यांच्या मनात फ्रान्सिस होते की नाही, हे सांगण्याची गरज नाही. त्या मातीत तो अर्थ मुरलेला आहे. शिवाय घटिका हे वापरण्याचे साधन आहे. ऊन पडले की ती काम करते. तिला पुष्पहाराची वाट पाहावी लागत नाही.

तरीही या उत्तम स्मारकाच्याही नावात आरंभी पदकाचीच अक्षरे आहेत. आणि चारही स्मारके एकत्र केली तरी एक जागा रिकामी राहते. मानपत्रात कृती आहे, भिंतीवर सोबती आहेत, पुतळ्यापाशी गाव आहे, घटिकेत शत्रूसुद्धा आहे. घर कोठेच नाही. हे उणेपण लष्कर वा सरकार भरून काढू शकत नाही. ते काम जवळच्या माणसांचे आहे : कुटुंबाचे, शेजाऱ्यांचे आणि धर्मग्रामाचे. म्हणजेच ते आपल्या मृत्युलेखांचे काम आहे. आणि नेमके तेच आपण विशेषणांवर भागवून नेतो.

त्या बाईंच्या प्रश्नाकडे आता परत जातो. उत्तर शोधण्यासाठी मी प्रथम धर्मग्रामाची बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली. त्यांची तीन मुले त्यात आहेत. पहिल्या दोघांचे बाप्तिस्मे मे महिन्यात. तेव्हा वडील वार्षिक रजेवर असत. तिसरी मुलगी 1971 च्या ऑगस्टात जन्मली. आपल्याकडे बाप्तिस्म्यास फार विलंब करण्याची रीत नाही, पण या मुलीचा बाप्तिस्मा 1972 च्या एप्रिलात झाला आहे. त्या वेळच्या धर्मगुरूंनी कारण लिहिलेले नाही. मी त्यांच्या पत्नीस विचारले. त्या म्हणाल्या, “ह्यांनी पत्रात लिहिलं होतं, मी येईपर्यंत थांब. मी थांबले. सासूबाई रोज बोलायच्या, तरी थांबले.” माझ्या प्रवचनातील ‘कुटुंबवत्सल’ या शब्दामागे हे आठ महिने होते. ते त्या वहीत लिहिलेले होते, माझ्याच कपाटात, आणि मी ते वाचले नव्हते.

‘परोपकारी’ या शब्दाचेही असेच. पेन्शनधारकांस दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आपणांस ठाऊक आहे. दाखला गेला नाही तर पेन्शन थांबते. गावात सैनिकांच्या दोन विधवा होत्या, एका शिक्षकाची विधवा होती, गोदीतून निवृत्त झालेले एक वृद्ध होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हे गृहस्थ त्या चौघांना सकाळच्या एसटीने तालुक्याच्या बँकेत घेऊन जात. अर्ज स्वतः भरीत. अंगठा लावणाऱ्या आजींना शाई पुसायला जुने फडके बरोबर नेत. परत येताना सर्वांना चहा पाजीत आणि पैसे कोणाकडून घेत नसत. अठरा वर्षे त्यांनी हे केले. युद्धाविषयी मात्र ते घरातही बोलत नसत. पदके पत्र्याच्या ट्रंकेत होती आणि ती कधी बाहेर आली नाहीत.

वाचकहो, आपल्यासाठी नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. 2 तारखेला आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो. त्याच आठवड्यात हा माणूस चार जिवंत माणसांना, ती जिवंत आहेत एवढे सिद्ध करण्यासाठी, बँकेच्या खिडकीपाशी उभा करीत होता. मी त्या वर्षी त्यांच्या कबरीवर पाणी शिंपडले, आणि हे मला ठाऊक नव्हते.

मृत्युलेख लिहिणाऱ्यांसाठी या साऱ्यातून मला दोनतीन गोष्टी सुचतात. एक, विशेषण लिहिण्यापूर्वी त्याच्यामागचे क्रियापद शोधावे. ते सापडले की विशेषणाची गरज बहुधा उरत नाही. दोन, मृताबरोबर इतरांनाही जागा द्यावी. त्याची वाट पाहणारी पत्नी, त्याने बँकेत नेलेल्या आजी, प्रसंगी ज्याच्याशी त्याचे भांडण होते तो शेजारीसुद्धा. एकाच सूर्याखाली हे सारे होते. तीन, हुद्दे व पदके सांगावीत, पण अखेरीस. मिस्सेतील प्रार्थनेत आपण आपल्या माणसाचे साधे नाव घेतो, तेथे पदक उच्चारले जात नाही. सैनिकालाही देवापुढे आपण नावानेच उभे करतो.

हा उपदेश नव्हे; चुकलेल्या माणसाची कबुली आहे. सर्व तपशील मिळेलच असे नाही. यशवंत घाडगे यांच्या बाबतीत कदाचित तो काळाने नेला. पण आपल्या गावातील माणूस गेला की तपशील अजून ताजा असतो. बाप्तिस्म्याच्या वहीत असतो, शेजारणीच्या तोंडी असतो. तो विचारायला जाण्यास एक संध्याकाळ लागते. मी ती संध्याकाळ दिली नव्हती.

वर्षानंतरच्या स्मरणमिस्सेत मी ते जुने प्रवचन बाजूला ठेवले. एप्रिलातील बाप्तिस्मा आणि नोव्हेंबरातील एसटी, एवढेच सांगितले; पाच मिनिटे लागली. त्यांच्या पत्नी दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. नंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी त्या आल्या नाहीत. त्यांना घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या तिघींना बँकेत घेऊन जायचे होते.